पडल्यावर सीटी स्कॅन नॉर्मल आला होता, मग महिन्याने वडील विसरायला का लागले?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, महिन्यापूर्वी द्वारका चौकात स्कूटीवरून पडले, त्याच दिवशी केलेला सीटी नॉर्मल होता. आता विसरतात, दिवसाही पेंगतात, डाव्या पायातली चप्पल निसटते. ही डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात का?

डिमेन्शियाचं नंतर बघू, आजच पुन्हा सीटी करून घ्या. मला त्या चपलेची जास्त काळजी वाटते. डिमेन्शियात सहसा महिन्याभरात एकाच बाजूचा पाय कमजोर पडत नाही. लकव्यात पडतो, पण त्यालाही स्कॅन लागतोच. मला शंका आहे ती मेंदूवर हळूहळू रक्त साचल्याची.

वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या व आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी तुटते, रक्त हळूहळू झिरपत राहतं आणि तीन-चार आठवड्यांनी त्याचा दाब जाणवू लागतो. पहिल्या दिवशी स्कॅनमध्ये दिसावं इतकं ते साचलेलंच नसतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी किंवा रोजची दारू असेल तर शक्यता वाढते.

डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात दहा सेकंद समोर धरायला सांगा. डावा हात आत वळत खाली आला तर त्या बाजूची ताकद कमी झालीय. नाही आला तरी स्कॅन टाळू नका.

जुन्या सीटीची फिल्म सोबत न्या आणि न्यूरोसर्जनला दाखवा. दोन-तीन आठवड्यांचं रक्त स्कॅनमध्ये मेंदूसारखंच करडं दिसतं, दोन्हीकडे असेल तर नजरेतून सुटतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. झोपेची गोळी देऊ नका. फिट आली, उलट्या सुरू झाल्या किंवा हलवूनही जागे होईनात, तर लगेच १०८.

स्कॅनमध्ये रक्त साचलेलं दिसलंच तर बहुतेक वेळा कवटीला एक-दोन छिद्रं पाडून ते काढतात, एक-दोन दिवस नळी ठेवतात. १०० पैकी १० ते २० जणांत पुन्हा साचतं, म्हणून घरी आल्यावरही चाल बघत राहा.

आता डिमेन्शिया. एका हलक्या माराने धोका फारसा वाढत नाही, जबर किंवा वारंवार बसलेल्या माराने वाढतो. एक गोष्ट मात्र कुणी विचारतच नाही: वास. डोकं आपटताना नाकाच्या वरचे वासाचे तंतू तुटू शकतात. हिंगाची डबी नाकाशी धरून बघा. वास येत नसेल तर गॅसची शेगडी त्यांच्या भरवशावर सोडू नका.