नीट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) रिपीट करतेय. लातूरला क्लासला जाऊ की देवगडात घरीच राहून अभ्यास करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली, २०२५ च्या नीटला ७२० पैकी ३४० मार्क पडले, आंब्याच्या पैशांतून एका वर्षाची फी भरायला बाबा तयार आहेत, पण घरी राहून अभ्यास होईल का? तू माझ्यापेक्षा लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

मी दोन्ही करून बसलेय. गाव गुहागर तालुक्यात. अकरावी-बारावी लातूरला काढली, २०२२ ला ४३८ मार्क. मग घरी परत आले, पडवीत टेबल टाकलं, २०२३ ला ५९२. आता सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तरीही ‘घरीच राहा’ असं सरळ सांगणार नाही, कारण माझ्या ५९२ मध्ये लातूरच्या दोन वर्षांचा वाटा आहे. तो नेमका कुठला, हे कळायला मला वेळ लागला.

तिथलं शिकवणं हा तो वाटा नव्हे. टेस्टच्या मार्कांवर बॅच पाडायचे, मी पहिल्या तीन महिन्यांतच शेवटच्या बॅचला. तिथे सर यायचे, फळा भरायचे, जायचे. वर्षभरात एकाही सरांना माझं नाव माहीत नव्हतं. पण दर रविवारी पेपर असायचा. ताप असो, मेसमधल्या डाळीने पोट बिघडलेलं असो, पेपर चुकायचा नाही, आणि संध्याकाळी नंबर भिंतीवर लागायचा. लातूरला पैसे द्यायचेच तर त्या रविवारच्या पेपरला द्यायचे. बाकी सगळं पुस्तकात आहे.

म्हणून घरी आल्यावर मी तो रविवार तेवढा आणला. दुपारी दोनला सुरू, कारण खरी परीक्षा त्याच वेळेला सुरू होते. आपल्याकडे ही वेळ म्हणजे माशाची आमटी-भात जेवून कलंडायची. पहिले चार रविवार मला फिजिक्सच्या मध्यावर डुलकी लागली. मग रविवारचं जेवण साडेअकराला आणि मासे रात्री, असं ठरलं. आजी चिडली, पण ठरलं. चिपळूणहून ओएमआरच्या (उत्तरांचे गोळे भरायच्या कागदाच्या) शंभर झेरॉक्स आणल्या, गोळे खऱ्या पेनाने भरायचे, बाबा घड्याळ धरून ओटीवर. जुने पेपर फुकट मिळतात. फक्त २०२२ ते २०२४ चे पेपर २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते आणि वेळ ३ तास २० मिनिटं होती. २०२५ पासून १८० च्या १८० आणि बरोबर ३ तास. म्हणजे जुना पेपर लावताना घड्याळ नव्या हिशोबाने लाव.

पेपर तपासल्यावर मार्क लिहून मोकळी होऊ नकोस. मी वहीत चुकांचे तीन रकाने केले होते: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, आणि ‘असंच काहीतरी वाचलं होतं’. चौथ्याच पेपरला कळलं की माझे सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या रकान्यात जात होते. अंदाजाने ठोकू नये, असं सगळे सांगतात. हिशोब करून बघ. बरोबरला ४, चुकीला उणे १. चारही पर्याय कोरे वाटत असताना डोळे मिटून मारलं तर सरासरीने पाव मार्क मिळतो, म्हणजे जवळजवळ ना नफा ना तोटा. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर तोच प्रश्न सरासरीने दीड मार्काचा होतो, तेव्हा मारायचाच. खरा घात अर्धवट आठवणीचा. तिथे आपल्याला अंदाज मारतोय असं वाटतसुद्धा नाही, आणि येऊ शकणारं उत्तर चुकलं की हातचे ४ जातात आणि वरून १, एकूण ५ मार्कांचं अंतर पडतं. त्या रकान्यातल्या प्रश्नांसाठी रात्री एनसीईआरटीच्या पुस्तकातली तीच ओळ पुन्हा वाचायची, दुसरं काही नाही.

बायोलॉजीचे ९० प्रश्न, ३६० मार्क, अर्धा पेपर. यासाठी तुला गाव सोडायची अजिबात गरज नाही. उलट लातूरच्या खोलीत जे मी घोकत होते ते घरी डोळ्यांसमोर होतं. आंबा आणि नारळ दोन्ही ड्रूप (आत कठीण कवचाची बी असलेलं फळ). आंब्याचा आपण खातो तो गर म्हणजे मीझोकार्प, बाठ्याचं कठीण कवच म्हणजे एंडोकार्प. नारळात तोच मीझोकार्प म्हणजे सोडण, आणि एंडोकार्प म्हणजे करवंटी. शहाळ्याचं पाणी फ्री न्यूक्लियर एंडोस्पर्म (बीजाचं अन्न, पण पेशी न पडलेलं), खोबरं सेल्युलर, म्हणजे पेशी पडलेलं. काजूचा बोंडू हे खोटं फळ, कारण तिथे थॅलॅमस (फुलाचा देठाकडचा भाग) सामील असतो. ही सगळी एनसीईआरटीची वाक्यं आहेत, दरवर्षी अशाच ओळींवर प्रश्न येतात. आईबरोबर बंदरावर मासळी घ्यायला गेलीस की मोरी (मुशी) आणि पाकट हातात घेऊन बघ: कल्ल्यांवर झाकण नाही, नुसत्या चिरा, आणि आत काट्याऐवजी कूर्चा. शेजारचा बांगडा उचल, झाकण आहे. झाला तुझा कॉन्ड्रिक्थीज (कूर्चेचे मासे) आणि ऑस्टिक्थीज (हाडांचे मासे). पाकट म्हणजे पुस्तकातला ट्रायगॉन, नांगी विषारी, हे कोळणीला विचारलंस तर ती पुस्तकापेक्षा जास्त सांगेल.

अभ्यासक्रम मात्र नव्याने तपास. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) २०२४ पासून बराच भाग कमी केला. पचन, वनस्पतींमधलं वहन, मिनरल न्यूट्रिशन, पर्यावरणाच्या समस्यांचा धडा, सॉलिड स्टेट, पॉलिमर्स हे गेलं. माझ्या वेळी हे सगळं होतं. कुणा ताईच्या जुन्या नोट्स आणशील (माझ्यासुद्धा) तर महिनाभर नको ते वाचत बसशील.

केमिस्ट्रीचं काही वेगळं सांगण्यासारखं नाही. इनऑरगॅनिक पाठ, ऑरगॅनिक लिहून लिहून, फिजिकलची गणितं रोज दहा.

आता फिजिक्स. इथे मी घरच्याच भरवशावर राहिले असते तर आज हे लिहीत नसते. फिजिक्सला माणूस लागतो, जो तुझी वही बघून म्हणेल, ‘इथे बल का काढलंस, ऊर्जेने दोन ओळीत होतंय’. मला चिपळूणला एक निवृत्त सर भेटले. आठवड्यातून दोनदा एसटीने जायचे, पावसात कधी गाडी रद्द, कधी रस्त्यावर झाड. व्हिडिओ बघते म्हणशील, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि रेंज फक्त वर सड्यावर (माळावर). तुझ्याकडे वेगळं असेल तर उत्तमच. २०२५ चं फिजिक्स किती जड होतं ते तू स्वतः भोगलंयस, त्यामुळे आधी देवगड, कणकवली, कुठेही असा माणूस शोध. महिनाभरात नाही सापडला, तर मात्र लातूरचा विचार कर, आणि तो फिजिक्ससाठी कर.

माझ्या ५९२ शी तुझे मार्क जुळवू नकोस, दरवर्षी पेपर सारखा नसतो. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, आणि २०२५ ला देशात पहिला आलेला ६८६ वर होता. रँक बघ. आणि ‘क्वालिफाय झाले’ यावर घरात पेढे वाटू देऊ नकोस. २०२५ ला जनरलचं क्वालिफाइंग १४४ होतं, त्यावर सरकारी सीट मिळत नाही. तरी ओरोस (सिंधुदुर्ग), रत्नागिरी, अलिबाग या तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून तिथे जाता येतं. त्यासाठी डोमिसाईल, लागू असेल तर कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमीलेअर याच पावसाळ्यात करून घे. व्हॅलिडिटीला महिने लागतात. माझ्या एका मैत्रिणीची ती प्रवेशाच्या आदल्या दिवशी हातात आली, त्या आठवड्यात तिच्या आईने जेवण सोडलं होतं.

शेवटचं, आणि हे लातूरवाल्यांना कळणार नाही. परीक्षा मेच्या सुरुवातीला येते, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात. एप्रिलमध्ये घरात पाय ठेवायला जागा नसते, गडी, पेट्या, गवत, मुंबईचे फोन. घरात मुलगी रिकामी बसलेली दिसते, पुस्तक उघडं असलं तरी. हे फेब्रुवारीतच घरी बोलून ठेव. आमच्याकडे असं ठरलं की मी संध्याकाळी अर्धा तास फक्त पेट्यांवर नावं घालायची, आंबे निवडायला बसायचं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आणि बाबा तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीला आत्याकडे गेलो, तर बोटीत माझ्याच अक्षरातल्या आठ पेट्या आमच्याबरोबर होत्या.