काँगो तापात पेशंट गंभीर होणार हे रक्तावरून आधी कळतं का?

तुम्ही विचारलंय की गोचिडीमुळे होणाऱ्या क्रिमियन काँगो तापात पेशंट सिरीयस होणार की निभावणार हे रक्ताच्या रिपोर्टवरून आधीच कळतं का, आणि प्लेटलेट ५०,००० वर आल्या म्हणजे आशा सोडायची का. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो म्हणून रिपोर्टच्या बाजूने सांगतो. बऱ्यापैकी कळतं, पण एकट्या प्लेटलेटवरून नाही आणि ५०,००० ला आशा तर अजिबात सोडू नका. डेंग्यूमुळे आपल्याकडे सगळं घर प्लेटलेटच मोजत बसतं आणि त्याच कागदावर खाली एसजीओटी (लिव्हरला किती इजा झालीय ते सांगणारा आकडा) किती आलंय ते कुणी बघतच नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये पहिल्या ५ दिवसांसाठी काही आकडे ठरवले, ते अजूनही वापरतात. प्लेटलेट २०,००० किंवा खाली, एसजीओटी २०० च्या वर, एसजीपीटी (हाही लिव्हरचाच आकडा) १५० च्या वर, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ६० सेकंदांच्या वर, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) डेसिलिटरमागे ११० मिलिग्रॅमच्या खाली, आणि पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर. शेवटचं ऐकून लोक चक्रावतात कारण या तापात पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, मग एखाद्याच्या उलट वाढल्या तर ते वाईट लक्षण धरायचं. त्यांच्या पेशंटमध्ये यातला एक जरी आकडा आला तरी दहातले नऊ दगावत होते. पण तुर्कस्तानात २००२ पासून या तापाचे हजारो पेशंट झालेत, तिथे मृत्यूचं प्रमाण साधारण ५ टक्के आहे आणि यातले आकडे ओलांडूनही माणसं वाचलीत, म्हणून मी या आकड्यांना निकाल म्हणत नाही, ताबडतोब आयसीयू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला हलवायचा इशारा म्हणतो.

माझा स्वतःचा भर एपीटीटी आणि फायब्रिनोजेनवर असतो. व्हायरस लिव्हरला धरतो, रक्त गोठवणारे घटक लिव्हरमध्येच बनतात, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होऊन उरलेलेही खर्च होतात, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त सुरू होतं. म्हणून एक रिपोर्ट बघून काही ठरवू नका, रोजचे आकडे शेजारी शेजारी ठेवून कुठे चाललेत ते बघा. आणि एक, एपीटीटीची निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेलीच हवी, रक्त कमी पडलं तर आतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) त्या मानाने जास्त होतं आणि एपीटीटी उगाच लांबलेला येतो, घरचे विनाकारण हादरतात.

याशिवाय व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे तो आकडा असतो, एका मिलिलिटरमध्ये १० कोटी ते १०० कोटी कॉपीच्या पुढे गेला की धोका खूप वाढतो, आणि जे दगावतात त्यांच्या रक्तात बऱ्याचदा अँटिबॉडी तयारच झालेली नसते. हे मात्र गल्लीतल्या लॅबचं काम नाही, त्यासाठी सॅम्पल पुण्याच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे) जातं.

सिंधुदुर्गातल्या माकडतापाला हे आकडे लावू नका बरं का, तोही गोचिडीचाच पण व्हायरस वेगळा.

आणि कृपा करून, काँगोची शंका असेल तर रक्त काढायच्या आधीच डॉक्टरांना आणि लॅबला गुरांचा, गोचिडीचा संबंध स्पष्ट सांगा. पेशंटच्या रक्तातून हा ताप इतरांनाही होतो: २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या कोलाट गावातली पेशंट काँगोने गेली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले.