वाराला एक, की आठवड्याला एक?

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरातच माग आहेत. सासूबाई 63 वर्षांच्या. माहेर चंदगडकडचं, त्यामुळं कन्नड जेमतेम. गुडघे दुखतात, दमायला होतं म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टरांनी 60,000 युनिटच्या पुड्या दिल्या. औषध दुकानात 'वारक्के ओंदु' असं सांगितलं. त्या रोज एक पुडी दुधातून घेत राहिल्या, संपल्या तशा मुलाकडून आणखी मागवल्या. 18 पुड्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आता तहान फार लागते, पोट साफ होत नाही, जेवण नको म्हणतात. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर : ताई, हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इथं लिहिते ते बाकीच्या घरांसाठी.

सासूबाईंना आधी कुणी रागावू नका. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. आपल्या कानाला वार म्हणजे सोमवार, मंगळवार. 'वाराला एक' म्हटल्यावर त्यांनी रोज एक घेतली, यात त्यांचं काय चुकलं? सांगणाऱ्यानं पुडीवर 'फक्त रविवारी' एवढं मराठीत लिहून द्यायला हवं होतं. आपल्या भागात निम्मी दुकानं कन्नड बोलतात आणि निम्मी गिऱ्हाइकं मराठी. अशा ठिकाणी तोंडी सांगण्यावर औषध सोडून चालत नाही, हे मी कळकळीनं सांगते.

आता हिशोब बघा. मोठ्या माणसाची ड जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण 600 युनिट. एका पुडीत 60,000, म्हणजे शंभर दिवसांचं. कमतरता भरून काढायला ती आठवड्याला एक, बहुधा आठ आठवडे देतात. सासूबाईंच्या पोटात 18 दिवसांत 10 लाख 80 हजार युनिट गेली. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, कधी बोलण्यात गोंधळ. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. म्हणून पुड्या बंद, सोबतची कॅल्शियमची गोळीही बंद, आणि त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कॅल्शियम वाढतं. त्या आपल्या मनानं थांबवू नका, पण पाकीट डॉक्टरांपुढं ठेवा. पुड्या थांबवल्या तरी असर काही आठवडे राहतो, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागेल.

एक विचारायचं राहिलं होतं : सासूबाई दिवसभर मागाच्या खोलीतच असतात ना? खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं हे जीवनसत्त्व तयार होत नाही. कॅल्शियम ताळ्यावर आल्यावर त्यांना दुपारी थोडा वेळ गच्चीवर बसवा, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून.

प्रश्न : मी खानापूरचा, वय 54, माळकरी. नऊ वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, पित्ताची गोळीही रोज घेतो. तळवे जळजळतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. दोन वर्षं दुकानातून 'नसांच्या गोळ्या' घेतोय, फरक नाही.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला माझा एक जुना रुग्ण आठवला. तेही माळकरी, तेही साखरेचे. पाय जळजळतात म्हटल्यावर मी वर्षभर सगळा दोष साखरेला दिला. एक दिवस त्यांची सून म्हणाली, 'मामा मोरीत तोंड धुताना डोळे मिटले की भिंत धरतात.' तेव्हा मी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर कंपनाचा काटा वाजवून टेकवला. त्यांना काहीच जाणवलं नाही. बी-12 जीवनसत्त्व तळाला गेलेलं होतं. ते वर्ष मी वाया घालवलं, आणि नसा पूर्ण सुधारल्या नाहीत. तेव्हापासून अशा प्रत्येकाचं बी-12 मी तपासतेच.

बी-12 मांस, मासे, अंडी, दूध यांतच मिळतं, भाकरी-भाजीत नाही. दूध-दही घेतलं तरी मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या ते नीट अंगात शोषू देत नाहीत. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा दिसतो. मेटफॉर्मिन बंद करू नका, साखर बिघडेल. लागलं तर इंजेक्शन घ्यावं लागेल.

आणि त्या नसांच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून 'पायरिडॉक्सिन' किती मिलिग्रॅम आहे ते बघा. ते बी-6. जास्त प्रमाणात खूप दिवस घेतलं तर तेच नसा बिघडवतं, तीच जळजळ, तोच बधिरपणा. नुसतं फॉलिक अॅसिडही नको : रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-12 अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. येताना पाकीट घेऊन या.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिन घेते. थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र आलाय. (निपाणी, वय 21)

उत्तर : बाळा, बायोटिननं थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. गोळी बंद करून दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त दे, आणि लॅबमध्ये तसं सांग. तोवर कुणी थायरॉइडचं औषध सुरू केलं तर घेऊ नको. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (लोहाचा साठा) तपासून घे. तुझ्या वयाच्या मुलींचे केस लोह कमी पडलं तरी गळतात.