आकडा बदलला, पण ब्लॉक तो विसरतो

प्रश्न : वर्डप्रेस या वेबसाइट-प्रणालीसाठी आगामी कार्यक्रमांची यादी दाखवणारा ब्लॉक (पानात बसवायचा तयार तुकडा) लिहिला आहे. किती कार्यक्रम दाखवायचे ते साइडबारमधून ठरतं. ३ चे ५ केले की एडिटरमध्ये लगेच पाच दिसतात. पोस्ट सेव्ह करून पुन्हा उघडली की रकान्यात परत ३! असं का होतं?

उत्तर : ब्लॉकची माहिती ब्लॉक.जेसन या फाइलमध्ये असते. तिच्यातल्या ‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये, म्हणजे ब्लॉकने लक्षात ठेवायच्या गोष्टींच्या यादीत, ज्याचं नाव नाही, ते पोस्टमध्ये लिहिलंच जात नाही. एडिटर उघडा असेपर्यंत सगळं सुरळीत भासतं, तिथेच फसगत होते. म्हणून आधी नाव आणि स्पेलिंग तपासा.

नाव बरोबर असेल, तर टाइप, म्हणजे व्हॅल्यू आकडा आहे की मजकूर, ते पाहा. ‘टेक्स्टकंट्रोल’ला (साइडबारमधला लिहायचा रकाना) नंबर टाइप दिला तरी त्याच्या ऑनचेंजमधून (रकाना बदलल्यावर चालणारं फंक्शन) मिळते ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. ब्लॉक.जेसन म्हणतं नंबर, पोस्टमध्ये सापडते स्ट्रिंग. एडिटर ती टाकून देऊन डिफॉल्ट, म्हणजे मुळात ठरवलेली व्हॅल्यू (इथे ३), धरतो. पोस्ट सेव्ह केल्यावर ‘कोड एडिटर’ उघडा. ब्लॉकच्या कॉमेंटमध्ये (ॲट्रिब्यूट्स जिथे साठवले जातात ती ओळ) ५ भोवती अवतरणचिन्हं दिसली, तर दोष हाच. व्हॅल्यू ‘नंबर’ फंक्शनला देऊन आकड्यात बदला आणि मग सेट करा. त्याहून बरं म्हणजे ‘रेंजकंट्रोल’ (सरकपट्टी) वापरा, किमान १, कमाल १२. तो आकडाच देतो, शिवाय कुणी ५०० टाकून पान जड करत नाही.

ब्लॉक.जेसन बदलल्यावर ‘एनपीएम रन बिल्ड’ ही कोडची अंतिम प्रत तयार करणारी आज्ञा चालवायचं राहू देऊ नका. सर्वसाधारण रचनेत वर्डप्रेस बिल्ड फोल्डरमधली प्रत वाचतं.

प्रश्न : आता डिफॉल्टच ३ ऐवजी ६ केला तर जुन्या पोस्टचं काय?

उत्तर : जपून. डिफॉल्टइतकीच असलेली व्हॅल्यू पोस्टमध्ये नोंदवली जात नाही. जिथे ३ तसेच राहू दिले होते, तिथे आता ६ लागू होतील. ब्लॉक पीएचपीतून रेंडर होत असेल, म्हणजे पान उघडताना सर्व्हरवर दर वेळी नव्याने तयार होत असेल, तर ती पानं कुणी न उघडताही बदलतील. कार्यक्रमांच्या यादीला पीएचपीतून रेंडर करणंच योग्य; वर्डप्रेसच्या ६.१ आवृत्तीपासून त्यासाठी ब्लॉक.जेसनमध्ये ‘रेंडर’ची एक ओळ पुरते.

त्याऐवजी तयार एचटीएमएल ब्लॉकच्या ‘सेव्ह’ फंक्शनमधून पोस्टमध्येच साठवत असाल, तर पान तसंच राहील. पण एडिटर ब्लॉक अवैध ठरवेल, कारण साठवलेलं आणि नव्याने तयार झालेलं एचटीएमएल जुळत नाही. अशा वेळी जुने ॲट्रिब्यूट्स आणि जुनं सेव्ह फंक्शन ‘डेप्रिकेटेड’ (ब्लॉकच्या जुन्या आवृत्त्यांची) यादीत ठेवा, सर्वांत अलीकडची आवृत्ती वर. मग जुन्या पोस्टमधले ३ शाबूत राहतात आणि पुढच्या सेव्हला स्पष्टपणे नोंदवलेही जातात.