एकाच खेड्यात एकाच नावाचे दोघे: त्यातला आपला कोणता?

तुमच्या यजमानांचे पूर्वज इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या जेमतेम दोनशे वस्तीच्या खेड्यातले शेतमजूर. 1790च्या आसपास तिथे एकाच नाव-आडनावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे सापडतात, आणि त्यातला आपला कोणता, हा तुमचा प्रश्न. माझं सांगणं असं की एकट्या माणसामागे लागू नका. त्या आडनावाचं सगळं गणगोत कागदावर मांडा, शेजारच्या चार-पाच पॅरिशसकट (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग). लग्न बहुतेक वेळा मुलीच्या गावच्या चर्चमध्ये लागायचं, त्यामुळे माणूस शेजारच्या चर्चच्या नोंदवहीत अनेकदा सापडतो.

आधी दफनाच्या नोंदी पाहा. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या भावंडाला ठेवायची रीत होती. दोघांपैकी एक तान्हेपणीच गेला असेल तर प्रश्न तिथेच मिटला. बाप्तिस्म्याची मूळ नोंद डोळ्यांनी वाचा, नुसत्या सूचीवर विसंबू नका. नॉरफकच्या बऱ्याच वह्यांत त्या काळी आईचं माहेरचं आडनावही लिहिलेलं असतं. 1754नंतरच्या लग्नाच्या नोंदीत सह्या किंवा फुल्या असतात, साक्षीदारांच्याही. मात्र दर लग्नाला तोच साक्षीदार दिसला तर तो चर्चचा कारकून समजा, नातेवाईक नव्हे.

खरा खजिना गरीब-मदतीच्या कागदांत आहे. 1662च्या कायद्याने मदतीची जबाबदारी माणसाच्या हक्काच्या पॅरिशवर टाकली, म्हणजे जिथला रहिवासी म्हणून तो कायद्याने धरला जाई त्या पॅरिशवर. त्यामुळे बाहेरचं कुटुंब आपल्यावर पडेल असं वाटलं की गावकारभारी त्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करत आणि त्याची जबानी घेत: जन्म कुठला, पूर्ण वर्षभर चाकरी कुणाकडे केली, लग्न कुणाशी झालं, मुलं किती. ज्याच्याकडे जमीन नाही, मृत्युपत्र नाही, अशा मजुराचं आयुष्य त्याच्याच सांगण्यातून उतरलेलं इतर कुठे क्वचितच मिळतं. एखादी जबानी हाती लागली की मला अजूनही भरून येतं. नॉरिचच्या नॉरफक रेकॉर्ड ऑफिसात तुमच्या पॅरिशचे असे कागद आहेत का, ते त्यांच्या सूचीत शोधा. मदतीचे हिशेबही सोडू नका. कुणाला बूट दिले, कुणाच्या शवपेटीचा खर्च केला, हे त्यात नावानिशी येतं.

एखादा मुलगा 1820-30च्या सुमारास गावातून नाहीसाच झाला असेल तर कंपनी सरकारच्या फौजेचाही विचार करा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पुण्याच्या छावणीतल्यासुद्धा.

1841च्या जनगणनेवर फार भिस्त नको. पंधरा वर्षांवरच्यांची वयं तिथे सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. 1851मध्ये मात्र जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. तुमचे पूर्वज तोवर हयात होते का आणि तिथे कोणतं गाव दिलंय, एवढं कळवा. म्हणजे दोघांपैकी कुणाच्या आईबापांचा माग आधी घ्यायचा ते ठरवता येईल.