पेट्रोल चढतं झपाट्यानं, उतरतं रेंगाळत. असं का?

अर्थशास्त्रात याला 'रॉकेट आणि पिसं' म्हणतात. रॉबर्ट बेकन यांनी 1991 मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या किमतींबद्दल हे नाव वापरलं.

पंपवाला टाकीतला माल विकून आलेल्या पैशातून पुढचा टँकर घेतो. घाऊक भाव चढला की जुन्या दरानं विकून नवा टँकर परवडत नाही, म्हणून दर लगेच वाढतो. भाव पडला की मात्र 'टाकीत महागाचा माल आहे' हे कारण पुढे येतं. ते अर्धंच खरं: चढत्या भावात टाकीतला स्वस्त माल नव्या दरानेच विकला होता ना!

खरी मेख गिऱ्हाइकाच्या सवयीत आहे. दर वाढले की लोक चार पंपांचे फलक बघतात. दर लिटरमागे थोडा उतरला की हायसं वाटून पहिल्याच पंपावर गाडी लावतात. मग शेजारच्यापेक्षा आधी दर उतरवायची घाई कोणाला? घाऊक भाव उतरत असताना पंपाचा नफा म्हणूनच फुगतो. पंप मोजकेच असतील तर आणखी.

शिवाय अपेक्षाही तपासा. एका बॅरलमध्ये सुमारे 159 लिटर. कच्चं तेल बॅरलमागे 10 डॉलरनं उतरलं तरी लिटरमागे फरक जेमतेम 6 सेंट. लिटरमागे ठरलेला कर तर हलतच नाही. चलन घसरलं असेल तर तेवढाही फरक पोचत नाही.

भाव उतरत असताना टाकी एकदम फुल करू नका, थोडं थोडं भरा आणि दर तेव्हाच जास्त पडताळा.