उरलेल्या चार एकादश्या

प्रश्न : मी गंगाखेड तालुक्यातील एका गावात राहतो आणि आमच्या भजनी मंडळात गेली २७ वर्षे पेटीवर बसून गातो. पखवाजावर माझा बालमित्र असतो. वयोमानाने माझा आवाज पेटीच्या काळी दोन पट्टीवरून काळी एकवर उतरला, तेव्हा त्याने त्याबद्दल एक शब्दही न काढता, भजनाला बसण्यापूर्वीच गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून पखवाजाचा सूर उतरवून ठेवला होता. सोयाबीन निघाले की तो मुलाकडे चाकणला कायमचा राहायला जाणार असून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी ही त्याची आमच्यासोबतची शेवटची एकादशी असेल. ही बातमी मला त्याच्याकडून नव्हे, तर गावातल्या हॉटेलात चहा पिताना तिसऱ्याच माणसाकडून कळली आणि तेव्हापासून आमचे बोलणे ‘रामकृष्णहरी’पुरतेच उरले आहे. मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करायचे ठरवले असून मी भाषण करावे असा सर्वांचा आग्रह आहे. वर्गणीतून घेतलेला पखवाज त्याला भेट द्यावा असे काही जणांना वाटते, तर काहींच्या मते तो देवळातच राहिला पाहिजे. त्या रात्री ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंग म्हणावेत, अशीही एक सूचना आली आहे. मी काय करावे?
— एक वाचक, जिल्हा परभणी

उत्तर : भाषणाचे नंतर पाहू, कारण तुमच्या पत्रातील खरी अडचण हॉटेलातल्या चहाची आहे. बातमी दुसऱ्याकडून कळल्याचे दुःख मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु तुमची पट्टी उतरल्याचे ज्याने तोंडाने न सांगता पखवाजाने सांगितले, तो स्वतःच्या जाण्याची गोष्ट तुमच्यासमोर काढताना अडखळला असेल, हे तुमच्याच पत्रावरून दिसते. इतरांना सांगणे त्याला सोपे गेले असावे. तेव्हा तो आपण होऊन सांगेल याची वाट न पाहता एखाद्या संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि ‘मला हॉटेलात कळलं, वाईट वाटलं’ एवढेच म्हणा. त्याने काही खुलासा केला तर ऐकून घ्या; नाही केला तर चहा घेऊन परत या.

आता सत्काराविषयी. काही वर्षांपूर्वी अशाच एका निरोपाला मी हजर होतो. पाहुण्यांची भाषणे रात्री अकरापर्यंत चालली, तबलजी खांद्यावरची शाल सावरत खुर्चीवर बसून राहिले आणि त्यांच्याच निरोपाच्या भजनात तबला दुसऱ्या कोणी वाजवला. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, पण ते दहा मिनिटांत आटपावे आणि भाषण तर करूच नये. मंडळाने आग्रह धरला, तर पट्टी उतरल्याचा तो प्रसंग सांगून पेटीवर बसावे.

मला अधिक खटकले ते वेगळेच. त्याच्यानंतर पखवाजावर कोण बसणार, याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका गावातला एखादा होतकरू मुलगा कोणाकडूनही शिकेल. परंतु तुम्ही कोणत्या चरणाला श्वास घेता, कोणती ओळ तीनदा घोळवता, गजराकडे जाताना लय कधी वाढवता आणि ती वाढवताना पेटी कशी किंचित पुढे पळते, हे आज जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. डाव्या तोंडावर कणीक किती लावायची आणि पावसाळी हवेत पुडी (तोंडावरचे कातडे) सैल पडली की काय करायचे, हेही त्याच्याच हातात आहे. हे पत्र छापून येईल तेव्हा दसऱ्यापर्यंत, शेवटची धरून, चार एकादश्या उरलेल्या असतील. आजपासूनच एखादा मुलगा त्याच्या शेजारी बसवा. आधी त्याच्याकडे फक्त गवळण द्या आणि पुढे पुढे अर्धे भजन त्याच्यावर सोपवा. तो चुकेल, तुमचा सूर हलेल, लोक कुरकुरतील. चुकू द्या, कारण ती चूक सुधारायला तुमचा मित्र हाताच्या अंतरावर आहे तोवरच ती परवडणारी आहे. मात्र शेवटच्या एकादशीला आरंभीच्या ‘जय जय राम कृष्ण हरी’पासून पखवाज तुमच्या मित्राकडेच असावा. माझ्या मते त्याचा खरा निरोप या चार रात्रींत व्हायचा आहे.

यातूनच पखवाजाचाही प्रश्न सुटतो. तो देवळातच राहावा, नाहीतर मुलगा शिकणार कशावर? शिवाय तो तुमच्या पट्टीला लावलेला आहे आणि चाकणच्या फ्लॅटमध्ये शेजारी तो किती दिवस सहन करतील, हाही विचार आहेच. मित्राला मंडळाच्या वापरातली टाळांची एक जोडी द्या. टाळ घेऊन कोणत्याही भजनात मागे जाऊन उभे राहता येते, नव्या गावात आधी ओळख काढावी लागत नाही.

समाधीचे अभंग म्हणू नका, असे मी स्पष्टच सांगेन. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे गाव मानले जाते, त्या नामदेवांनी ज्ञानदेवांच्या १२९६ सालच्या समाधीचे वर्णन करताना आपला शोक जराही झाकलेला नाही. पण तो शोक पुन्हा न भेटणाऱ्याचा आहे. तुमचा मित्र चाकणला चालला आहे. अभंग त्यालाच निवडायला सांगा, फार तर दोन-तीन.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. चाकणहून आळंदी सुमारे १५ किलोमीटरवर आहे आणि दसऱ्यानंतरच्या त्या एकादशीपासून दीड महिन्याने, कार्तिक वद्य एकादशीला, आळंदीची यात्रा असते. तुमचे मंडळ दरवर्षी जात नसेल, तर यंदा जा. शिकाऊ मुलालाही बरोबर घ्या आणि राहायच्या जागेची चौकशी मित्राने करायची, हे त्याला दसऱ्यापूर्वीच सांगून ठेवा. कार्तिकीच्या गर्दीत आळंदीत ऐनवेळी खोली मिळत नाही.